नारळ न फुटलेला टांगा

ती घटना आजही आठवली की माझी मूठ आपोआप वळते. पेन्शनीत निघून बरीच वर्षं झाली, खून-दरोड्यांतले कित्येक चेहरे पुसट झाले, पण पान चघळत माझ्यासमोर खुर्चीत बसलेला तो शेठ काही डोळ्यांपुढून हलत नाही.

एकोणीसशे तीसनंतरचा तो काळ. मी जुन्या नाशकात नवा फौजदार होतो. नाशिकरोड स्टेशनावर उतरलेला यात्रेकरू टांग्यात बसूनच गोदाकाठी यायचा, त्यामुळे टांग्यांचा धंदा तेजीत होता. दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी ठाण्यात वर्दी आली. स्टेशनाच्या रस्त्यावर उतारावर एका नव्याकोऱ्या टांग्याचं चाक निखळलं होतं. उतारूंचं खरचटण्यावर निभावलं, पण टांगेवाल्याचा पाय चाकाखाली सापडून मोडला होता. आम्ही पंचनामा केला. चाक आसातून निसटू नये म्हणून टोकाला जी लोखंडी खीळ असते, तिच्या जागी लाकडाची खीळ होती आणि तिचे दोन तुकडे झाले होते.

आम्ही ठाण्यात परततो तोच टांग्याचा मालक शेठ हजर. त्याची फिर्याद तयारच होती. टांगा बनवणाऱ्या मिस्त्रीनं डूख धरून लोखंडी खिळी काढल्या आणि लाकडाच्या ठोकल्या, असं त्याचं म्हणणं. शेठची वरपर्यंत ऊठबस होती. त्याच दिवशी मिस्त्रीला अटक करण्याचा हुकूम आला आणि मी तो बजावला.

मिस्त्री मुसलमान, पन्नाशीचा. गिऱ्हाईक येईल तसा एकेक टांगा अंगावर घेऊन बनवून द्यायचा. कोठडीत त्यानं भाकरीला हात लावला नाही.

"साहब, लाकडी खीळ माझीच आहे," तो म्हणाला. "पण लोखंडी मी काढली नाही. बसवलीच नव्हती, तर काढणार कुठून? टांगा पावसाळ्यातच तयार होता, पण पैसे मिळेनात. शेठ म्हणाले, दसऱ्याची पूजा आहे, अंगणात उभा करू दे, संध्याकाळी पैसे देतो. मी हातानं ढकलत नेऊन दिला. घोडा जुंपू नका म्हणून सांगितलं होतं."

"याला साक्षीदार कोण?"

"शेठ आणि त्यांचा टांगेवाला. तिसरा अल्ला." मग म्हणाला, "उद्या शहरात बोलतील, याच्या टांग्याची चाकं निखळतात. सुटलो तरी काम कोण देणार मला?"

त्याला खरी भीती तुरुंगाची नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी टांगास्टँडवरून जाताना घोड्यांना नाल मारणाऱ्या म्हाताऱ्यानं मान वर न करताच मला म्हटलं, "फौजदारसाहेब, त्या टांग्याचं खोबरं आमी काय खाल्लं नाय."

"कसलं खोबरं?"

म्हातारा हसला. मी पडलो साताऱ्याकडचा, मला इथली रीत काय ठाऊक! त्यानं समजावलं. टांगा तयार झाला तरी पुरते पैसे मिळेपर्यंत मिस्त्री लोखंडी खीळ देत नाही. लाकडाची घालून फार तर दारापर्यंत ढकलत नेऊ देतो. हिशेब चुकता झाला की मालक चाकाशी नारळ फोडतो, मिस्त्री स्वतःच्या हातानं लोखंडी खिळी ठोकतो आणि सगळ्या स्टँडला खोबरं वाटतात. "खोबरं खाल्लं म्हंजी गाडी पक्की झाली. लय जुनी रीत हाय ही."

मी स्टँडवरच्या एकेकाला विचारलं. कुणाच्याही तोंडाला ते खोबरं लागलं नव्हतं.

मग शेठला जबाबासाठी बोलावलं.

"मिस्त्रीनं हे का केलं असेल?"

"पैशावरून, दुसरं काय? दिवाळीनंतर देतो म्हटलं तरी रोज दारात उभा. असल्या लोकांना धीर म्हणून नसतो."

"म्हणजे पैसे द्यायचे राहिले होते?"

"राहिले होते. मी काय पळून जातोय?"

"आणि लोखंडी खिळी?"

"होत्या की! त्याशिवाय टांगा चालेल का?"

"मग नारळ कधी फुटला?"

शेठचं पान तोंडातच राहिलं. "दसऱ्यालाच."

"खोबरं कुणाला वाटलं? स्टँडवर तर कुणाला मिळालं नाही."

"अहो, गडबडीत नारळ राहिला असेल."

"नारळ राहिला, पैसे राहिले, मग खिळी कुणी ठोकल्या, शेठ? पैसे दिले असतील तर मिस्त्रीला डूख कसला? आणि दिले नसतील तर खिळी आल्या कुठून?"

त्यानं रुमाल काढून कपाळ पुसलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. स्वतः पैसे बुडवायचे, कच्च्या गाडीवर उतारू वाहायचे आणि गाडी मोडली की करणाऱ्यालाच बेड्या घालायच्या! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

उरलं ते टांगेवाल्यानं सांगितलं. तो दिंडोरीकडचा, सरकारी इस्पितळात पाय बांधून पडला होता. आधी त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मिस्त्री कोठडीत जेवत नाही, हे मी सांगितल्यावर बोलला.

"मी शेठला म्हनलो, मिस्त्रीनं नाय म्हून सांगितलंय. तर म्हनले, सनाचं गिऱ्हाईक हाय, गाडी मिस्त्रीची का माझी? नसंल जमत तर उद्यापून येऊ नको. घरी लेकरं हायेत साहेब. जुंपला घोडा."

मिस्त्री सुटला. खटला शेठवर झाला, हयगयीनं गाडी चालवायला लावल्याचा. मॅजिस्ट्रेटनं दंड सांगितला, आणि पुढं जे घडलं ते पाहून माझं डोकं फिरलं. शेठनं कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि तिथंच दंड मोजून दिला. पावसाळ्यापासून मिस्त्रीला 'उद्या या' म्हणत होता ना, त्याच खिशातून! उधारीवर लाकूड आणून राबलेल्या माणसासाठी तो खिसा कधी उघडला नव्हता. त्या दिवशी मी एक शिकलो. उशिरा पैसे देणारा माणूस बहुतेक वेळा विसराळू नसतो की अडचणीतही नसतो. तुम्ही त्याचं काही वाकडं करू शकत नाही, एवढा हिशेब त्यानं पक्का केलेला असतो.

तो हिशेब शेवटी पोलिसांनी नव्हे, स्टँडनं चुकवला. शेठच्या बाकीच्या टांग्यांना नाशकात कुणी नाल मारीना, कुणी चाक लावीना. संक्रांतीच्या आतच शेठ पैसे घेऊन मिस्त्रीच्या दारी गेला.

नारळ फुटला त्या दिवशी माझ्या वाट्याचं खोबरं ठाण्यात आलं. नोकरीत मी कुणाच्या हातचं काही खाल्लं नाही, ते तेवढं खाल्लं. घेऊन आला होता तो टांगेवाला, कुबडीवर. पाय वाकडाच जुळला होता आणि वाकड्या पायाला शेठनं कामावरून काढलं होतं.

"मिस्त्रीचं उशिरा का हुईना, मिळालं," तो म्हणाला. "माझ्या पायाचं कुनाकडं मागू, साहेब?"

मी कायद्याचं पुस्तक पुढं ओढलं. त्यात त्याच्यासाठी कलम नव्हतं.