न ओवाळलेली बैलजोडी

गेल्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी घोडेगावच्या पुढे काकांची मोटार बंद पडली. चूक सर्वस्वी माझीच...

सुमन दुपारच्या गाडीने नगरहून सोलापूरला चालली होती, वडिलांची बदली झाली म्हणून. कॉलेज अर्धवट सोडून मी नेवाशाला परतल्यापासून माझ्याशी सरळ बोलणारी ती एकटीच. तिला एवढंच विचारायचं होतं, पत्र लिहिलं तर उत्तर देशील का?

काका डॉक्टर, म्हणून या रेशनिंगच्या काळातही त्यांना पेट्रोलची कुपनं मिळतात. हातापाया पडून मोटार मिळवली.

रस्ताभर बाजाराची जनावरं. भोंग्यावरचा हात मी काढलाच नाही. एका म्हाताऱ्याची बैलजोडी बुजली, तर उलट त्याच्यावरच ओरडलो, "रस्ता काय तुझ्या बापाचा?"

दोन मैलांवर इंजिन तापलं. विहिरीशी थांबून डबड्याने पाणी घातलं, स्टार्टर दाबला... नुसतं कट्. बॅटरी मेलेली. पुढून इंजिन फिरवायचं हँडल मारलं तर ते उलटं फिरून अंगठ्यावर बसलं. रागाच्या भरात मी ते विहिरीत भिरकावलं. पाण्यावर बुडबुडे आले, तेव्हा कळलं काय करून बसलो ते!

फूटबोर्डावर डोकं धरून बसलो. थोड्या वेळाने तोच म्हातारा आला. खांद्यावर बाजारातून घेतलेलं नवं जू, मागे ती जोडी.

"काय सायेब, समदा जीव मगाशी भोंग्यातच घातला व्हय?"

मी माफी मागितली. हँडलचंही सांगितलं. बाबा, जरा ओढून द्या, नाहीतर नगरची गाडी चुकेल...

"न्हाई जमायचं. आजच घेतलीया जोडी. कारभारनीनं दारात पाय धुऊन ओवाळल्याबगर आमी जुपत न्हाई." मग विहिरीत डोकावून म्हणाला, "ठेसनात कोन हाय?"

"मावशी."

"मावशीपायी कुनी हँडल फेकत न्हाई, बाळा."

माझे कान तापले होते. तो हसला, माझंच डबडं त्याने विहिरीतून भरून आणलं आणि आठही खुरांवर पाणी घातलं. "बाकीचं घरी, तिच्या हातनं," असं बैलांना सांगून जू चढवलं आणि दोरखंडाने मोटारीला बांधलं.

मी गिअर टाकून बसलो. बैल आधी बिचकले, मग असे निघाले... तिसऱ्या हिसक्याला इंजिन फुरफुरलं!

सुमन भेटली. गाडी हलता हलता 'हो' म्हणाली.

काल पुन्हा बाजाराला गेलो, चालतच. काका आता मोटारीला हात लावू देत नाहीत. म्हातारा भेटला, तीच जोडी बैलगाडीला. घरी परत निघाला होता, मीही मैलभर सोबत चाललो. विचारलं, कारभारीण रागावली का?

"लई! जेवाया वाढंना. मग कारन सांगितलं, तर म्हनली, आदी ते सांगा, पोरगी घावली का त्याला? आठ दिस झालं, रोज तेच इचारती."

"भेटली म्हणावं. आणि माझा नमस्कार सांगा."

तेवढ्यात मागून मोटारीचा भोंगा आला, थांबेचना. बैल बिचकले. मी कासरा धरून कडेला झालो, आणि तोंडाशी आलेली शिवी गिळली... असेल त्याचंही कुणीतरी स्टेशनात.