मोज्यावर मोजा

हिसानोरी मुकाई स्वतःसाठी मोजे विकत घेतो, ही गोष्ट त्याने गावापासून जपून लपवली होती. यात हसण्यासारखं काही नाही. जपानमधल्या नारा शहराजवळच्या त्या गावात घरोघर मोजे विणले जात. लग्नात मोजे, बाळ झालं की मोजे, नव्या वर्षाला मोजे. तिथे दुकानात जाऊन मोजे घेणारा माणूस म्हणजे गावाशी फटकून वागणारा माणूस. मुकाईचं सलून होतं. दाढी करून उठणारी गिऱ्हाइकं एखादा जोड हटकून आरशापुढे ठेवून जात. त्याच्या कपाटात जन्मभर पुरतील इतके मोजे होते आणि धावायला त्यातला एकही उपयोगाचा नव्हता.

खुर्चीभोवती उभं राहून राहून त्याचे पाय पसरट झाले होते. दोन्ही करंगळ्या शेजारच्या बोटाखाली दडून बसलेल्या. जाड सुताचा मोजा घातला की करंगळीला फोड आलाच म्हणून समजा. म्हणून सुटीच्या दिवशी तो शेजारच्या शहरात जायचा आणि मोठ्या दुकानात मोजे उलटेपालटे करत बसायचा. आतून बोटांपाशी शिवण किती टोचते ते अंगठ्याने चाचपायचं, टाच ताणून बघायची, तळवा घसरेल का ते हातावर घासून बघायचं. लोकरीचे उबायचे, गुळगुळीत असायचे ते बुटात फिरायचे, आणि खरोखर चांगले असायचे त्यांची किंमत बघून तो ते हळूच परत ठेवायचा. कितीतरी वर्षांनी त्याला स्वस्तातल्या टोपलीत एक पातळ पाचबोटी जोड सापडला. प्रत्येक बोटाला आपलं घर. करंगळी प्रथमच सुखात राहिली.

"आईशी लग्न ठरवताना तरी एवढा विचार केला होता का?" त्याची मुलगी चिझुरु विचारायची.

"तेव्हा उलटून बघायची सोय नव्हती," मुकाई म्हणायचा, आणि स्वयंपाकघरातून भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज यायचा.

हिवाळ्यात त्या भागातल्या वाड्यावस्त्यांची रिले शर्यत होते. प्रत्येक वस्तीचा आपल्या रंगाचा पट्टा असतो. एकाने तो खांद्यावरून काढायचा, पुढच्याच्या हातात द्यायचा, त्याने गळ्यात अडकवून पळत सुटायचं. पण प्रत्येक ठिकाणी वेळ ठरलेली. तेवढ्या वेळात पट्टा आला नाही, तर वाट बघणाऱ्याला कोरा पांढरा पट्टा देऊन सोडून देतात. पांढरा पट्टा घालून धावणाऱ्यालाही लोक टाळ्या वाजवतात, जरा जास्तच वाजवतात, आणि ते फार वाईट असतं.

मुकाई आणि चिझुरु वस्तीकडून बरीच वर्षं धावत होते, पण लागोपाठ कधीच नाही. यंदा तो तिसरा होता आणि ती चौथी. वसंतात ती नोकरीसाठी दूर उत्तरेला, सापोरोला जाणार होती. तिथून कोण येतंय दरवर्षी धावायला? आपल्या हाताने एकदा तिच्या हातात पट्टा द्यावा, एवढंच मुकाईला हवं होतं. हे तो कुणाला बोलला नाही. पण दोन महिने रात्रीच्या दारूची, साकेची, बाटली त्याने बाजूला सारली होती, यावरून घरात सगळ्यांना कळलं होतं.

शर्यतीच्या सकाळी संघ वस्तीच्या सभागृहात जमला, तिथे काजिमोतोसान आले. ऐंशी उलटलेले, वस्तीतले सगळ्यात जुने मोजेवाले. वर्ष सरताना त्यांनी कारखाना बंद केला होता. उरलेल्या सुतात शेवटचं यंत्र चालवून त्यांनी संघासाठी जोड विणले होते, घोट्यावर जांभळ्या धाग्यात वस्तीचं नाव. दोन्ही हातांनी ते एकेकाला देत गेले.

"आत्ताच घाला. मी चौथ्याच्या जागेवर उभा राहणार आहे, सगळ्यांचे पाय बघायला."

मुकाईने वाकून जोड घेतला आणि बोटांनीच ओळखलं. जाड सूत, पुढे दोरीसारखी शिवण. शर्यतीच्या दिवशी कोरे मोजे घालू नयेत, हे शाळेतलं पोरही सांगेल.

"बाबा, नाही म्हणा," चिझुरु कुजबुजली.

"तू म्हण."

"मला काय, माझे पाय धड आहेत."

"मग गप्प बस."

नाही म्हणणं मुकाईला कधी जमलंच नव्हतं. गिऱ्हाइकाच्या बेचव विनोदालाही तो पोट धरून हसायचा. त्याने आपल्या स्वभावाला शोभेल असा मधला मार्ग काढला. सभागृहाच्या संडासात जाऊन आत आपले पाचबोटी घातले आणि वरून काजिमोतोसानांचे. पाय बुटात जाईना. त्याने कोंबला, आणि सुटू नये म्हणून लेसला दोन गाठी मारल्या. इतका भला माणूस इतका मूर्ख कसा असू शकतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

पट्टा हातात आला तेव्हा तो झकास निघाला. भाताच्या रिकाम्या खाचरांशी पोचेपर्यंत बोटं एकमेकांवर चढली होती. मग करंगळी पेटली. मग सगळा पाय बधिर झाला, आणि बधिरपणाच्या आत कुठेतरी काहीतरी फुटून ओलं झालं. वरचे मोजे काढून टाकले तर अजून वेळ गाठता येईल, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. पण काढणार कुठे? वळणावर टोफूवाली बाई झेंडा हलवत होती. देवळापाशी पुजारी. पुढे काजिमोतोसानांच्या कारखान्यातल्या जुन्या बायका ओळीने उभ्या.

"मुकाईसान, जोर लावा! मोजे कसे आहेत?"

"छान! फारच छान!" तो धावता धावता म्हणाला.

तळ्याच्या बांधावर शेवटी कुणी नव्हतं. तो मटकन खाली बसला आणि लेसला हात घातला. गार पडलेल्या बोटांना गाठी सुटेनात. त्याने दातांनी प्रयत्न केला, पण पाऊल तोंडापर्यंत येईना. बाजूने एक धावपटू गेला, मग आणखी एक. तो तसाच उठला आणि लंगडत पळू लागला.

चौथ्याची जागा दिसली तेव्हा चिझुरु रेषेवर उभी होती. तिच्या गळ्यात पांढरा पट्टा होता. ती मागे वळून त्याच्याकडेच बघत होती. त्याने जांभळा पट्टा काढून हातात उंच धरला. पंचाने सेकंद मोजत वर धरलेला हात खाली केला. ती क्षणभर हलली नाही, मग गेली. त्याला तिची पाठ दिसत राहिली आणि तो हात खाली न घेताच रेषेपर्यंत आला.

कुणीतरी त्याला घडीच्या खुर्चीवर बसवलं. काजिमोतोसान पुढे आले आणि कुणाचं न ऐकता त्याच्या पायाशी गुडघे टेकून बसले.

"नको, मी काढतो," मुकाई कसाबसा म्हणाला.

"बस गुपचूप. आयुष्यभर पायच बघितलेत मी."

त्यांनी लेस कापायला लावली, बूट ओढला, रक्ताने माखलेला आपला मोजा टाचेवरून अलगद उतरवला. आणि थांबले. आतला पाचबोटी मोजा त्यांनी अंगठ्याने चाचपला, बोटांपाशी, जिथे शिवण असते तिथे.

"कितीला?"

मुकाईला खोटं सुचलं नाही. त्याने किंमत सांगितली.

"एवढ्यात मला सूतही मिळत नव्हतं," म्हातारा म्हणाला. "चांगले आहेत."

मुकाईने मान खाली घातली. पट्टा अजून त्याच्या मुठीत होता.

"मला सांगितलं असतंस तर?"

"तुम्ही रागावला असतात."

"रागावलो असतो. महिनाभर केस कापायला आलो नसतो." काजिमोतोसानांनी आपला मोजा पिळला आणि घडी करून खिशात ठेवला. "पण पोरीच्या हातात पट्टा पडला असता ना रे."

मग ते दुसऱ्या पायाचा बूट काढायला लागले.