बद्द वाजणारे डबे

माशांचे डबे भरणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं डब्यांवर काडी आपटून जिने पोट भरलं, तिला सगळे टिचकीबाई म्हणत. ती सगळ्यांना जे म्हणायची ते मात्र चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

काम ऐकायला पोरखेळ वाटेल. डबा भरला, झाकण बसलं, शिजला, गार झाला की पट्ट्यावरून तिच्यापुढे येई. तिच्या हातात वीतभर पोलादी काडी, टोकाला वाटाण्याएवढी गोळी. झाकणाच्या मधोमध एक टिचकी. आतली हवा नीट निघालेली असेल तर डबा 'टिण्' वाजतो. झाकण केसभर जरी सैल राहिलं आणि हवा आत शिरली, तर बद्द वाजतो, चीर गेलेल्या मडक्यासारखा. बद्द तो बाद. मिनिटाला पन्नास-साठ डबे, आणि टिचकीबाई मधूनच शेजारणीची उणीदुणीही काढत असे. "मला काय ऐकायला लागतंय," ती म्हणायची, "खोटा डबा आणि खोटा माणूस, दोन्ही लांबून कळतात."

आणि जेवायचीही तेच. दुपारच्या सुट्टीत तारलीचा एक डबा, पावाचे तीन जाड तुकडे, अर्धा कांदा, लिंबाची फोड. झाकण उघडून ती आधी नुसती बघायची. शेपट्या एका बाजूला, धडं एका बाजूला, वर तेलाचा पातळ थर. मग लिंबू पिळायचं, मिरपूड टाकायची, आणि एकेक तारली काट्यासकट पावावर दाबायची. काटे शिजून इतके मऊ झालेले असत की दात नसलेल्यानेही खावेत. शेवटी तळाचं तेल पावाने असं पुसून घ्यायची की डबा धुवायला नको. घरी रात्री बांगड्याचा डबा, रविवारी उकडलेल्या बटाट्याबरोबर ट्यूना. ना चूल पेटवायची, ना खवले उडवायचे, ना मांजर दारात. एकतीस वर्षांत एकदाही पोट बिघडलं नाही, हे ती डॉक्टरलाही ऐकवून आली होती.

सुनेला हे बघवत नसे. "आई, डब्यातलं कसलं हो खाता? वर्षाचं शिळं!"

"शिळं तुझं डोकं," टिचकीबाई म्हणायची. "माझी तारली जाळ्यातून निघाली त्याच दिवशी डब्यात बसली. तुझा मासा चार दिवस बर्फावर पडून डोळे पांढरे करतोय, आणि त्याला तू ताजा म्हणतेस. दुकानदाराने त्याच्यावर पाणी मारलं की झाला ताजा! गाढवाला गुळाची चव काय म्हणा."

मुलाचा एक मित्र एकदा जेवायला आला, तर त्याने हाच डबा पांढऱ्या बशीत उपडा केला, वर तीन हिरवी पानं ठेवली, फोटो काढला आणि मगच खाल्ला. म्हणाला, हल्ली मोठ्या हॉटेलात असंच देतात. टिचकीबाई त्याच्याकडे तो उठेपर्यंत बघत राहिली. "काल नाक मुरडत होते तेच," ती नंतर म्हणाली, "आज पानं लावून खातात. यांना स्वतःची जीभ म्हणून नाही. दुसऱ्याने चांगलं म्हटलं की यांना चव येते!"

तर अशी बाई. आता झालं काय ते ऐका.

त्या वर्षी उन्हाळ्यानंतर डबे बद्द वाजायला लागले. आधी दिवसाला दहा-बारा, मग चाळीस, मग दीडशे, दोनशे. झाकण बसवायच्या मशीनवर वर्षभरापूर्वी नवा माणूस आला होता. चाळिशीचा, खाली मान घालून काम करणारा, घरी शाळेत जाणाऱ्या दोन मुली. त्याला सगळे झाकणवाला म्हणत. टिचकीबाईने त्याला धारेवर धरलं.

"अरे, झाकण बसवतोस की टोपी घालतोस डब्याला? दुसऱ्या पाळीत बघ, दिवसाला पाच डबे बाद होतात." दुसऱ्या पाळीच्या काडीवालीबद्दलही तिचं मत होतंच: "ती पोरगी कानात बोळे घालून बसते. तिला काय कळतंय!" दोन्ही गोष्टी ती एका दमात म्हणायची, आणि त्यांचा एकमेकींशी काही मेळ बसत नाही हे तिच्या गावीही नसे.

झाकणवाल्याने मशीनचे रोलर बदलले. पट्टी बदलली. पाळी संपल्यावर थांबून प्रत्येक स्क्रू पुन्हा आवळला. मग तिच्यापाशी आला. "मावशी, आज सगळं नवीन घातलंय. जरा बघता?"

तिने त्याच्यादेखत एक डबा वाजवला. "बद्द." दुसरा. "बद्द. नाचता येईना आणि म्हणे अंगण वाकडं! रोलरला काय करतोस, हाताला बघ."

त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं तिला दिसलं, पण दया दाखवून डबा काही घट्ट होत नाही, असं तिचं म्हणणं.

खरं तर त्या वर्षी तिला सगळं जगच नासलेलं वाटत होतं. सुट्टीची घंटा बदलली होती, नवी घंटा पत्र्यावर चपला मारल्यासारखी वाजायची. घरचा कुकर शिट्टीच देईना. सून म्हणायची, दिली की, चार दिल्या, आणि टिचकीबाई म्हणायची, हो, तुझ्या माहेरी दिली असेल. टीव्हीवरची माणसं घोगरी झाली होती. आणि तिच्या शेजारी डब्यांना लेबलं चिकटवणारी चिकटबाई, वीस वर्षांची मैत्रीण, मुळातच मऊ बोलणारी, ती तर आताशा नुसतेच ओठ हलवायची. "काय झालंय लोकांना," टिचकीबाई म्हणे. "कोणाच्या कामात जीव नाही, कोणाच्या बोलण्यात दम नाही."

शेवटी साहेबाने झाकणवाल्याला बोलावलं. साहेब नवा, शिकलेला, नाकाने कांदे सोलणारा. टिचकीबाईचं त्याच्याशी एरवी पटत नसे, पण त्याच्या कागदावरचा आकडा तिचाच होता. दिवसाला दोनशे डबे बाद, तेही एकाच पाळीत. शनिवारी झाकणवाल्याने हिशेब घेऊन घरी जायचं, असं ठरलं.

झाकणवाला म्हणाला, "मग मला डबे फोडून हवेत."

ही त्या कारखान्याची रीत, साहेबाच्याही आधीची. बाद डबे एरवी कोणी उघडत नसे. ते पेटीत पडत आणि संध्याकाळी खतासाठी रवाना होत. पण झाकणवाल्याची नोकरीच जायची वेळ आली, तर तो पेटीतले कुठलेही तीन डबे उचलून जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर फोडायला सांगू शकतो. डबे खराब निघाले तर त्याने तोंडातून शब्द न काढता निघून जायचं. चांगले निघाले तर काडीवालीने ते तिथेच बसून खायचे, तिन्ही, तळापर्यंत, आणि तिचं संपेपर्यंत बाकी कोणी घास घ्यायचा नाही. टिचकीबाईच्या काळात चार झाकणवाल्यांनी डबे फोडून मागितले होते. चौघेही घरी गेले.

"फोडा की," ती म्हणाली. "हातच्या काकणाला आरसा कशाला?"

शनिवारी दुपारी सगळे लांब टेबलाभोवती बसले. आपापले डबे, पाव, कांदे पुढ्यात, बंद. झाकणवाल्याने पेटीतून तीन डबे आणून टिचकीबाईसमोर ठेवले. साहेब उभा राहिला, हातात कागद.

डबा चांगला असेल तर टोचल्याबरोबर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि 'स्स' असा आवाज येतो. खराब डबा मुका. टिचकीबाईने टोच्या उचलला, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि पहिल्या डब्याच्या झाकणात घुसवला.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "हूं नाही की चूं नाही."

तिला वाटलं, पटलं सगळ्यांना. पण समोरच्या दोघी एकमेकींकडे बघत होत्या. चिकटबाई टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने गोळा करत होती.

"आवाज आला ना, बाई," साहेब म्हणाला.

"साहेब, तुम्ही खुर्चीत बसणारी माणसं. तुम्हाला पंख्याचाही आवाज येईल!"

"आला मावशी," झाकणवाला हळूच म्हणाला. तिने ऐकलं नाही हे बघून त्याने टेबलावरचा चमचा घेतला, पेल्यातलं पाणी त्यात भरलं आणि दुसऱ्या डब्याच्या झाकणावर ओतलं. झाकणाच्या खोलगट भागात पाण्याचं लहानसं तळं झालं. "आता टोचा," तो मोठ्याने म्हणाला. "ऐकू नका. बघा."

तिने टोचलं. टोच्या वर काढला, आणि पाणी गटकन आत गेलं. कोणीतरी खालून ओढून घ्यावं तसं. झाकण कोरडं.

टिचकीबाई झाकणाकडे बघत राहिली. मग तिने चमचा त्याच्या हातातून हिसकावून घेतला, तिसऱ्या डब्यावर स्वतः पाणी ओतलं, काठोकाठ, आणि टोचलं. तेही आत गेलं. तिने डबा उचलून कानाशी धरला. सगळ्यांनी माना फिरवल्या.

तिच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. मूर्ख ती कधीच नव्हती. डबे 'टिण्' वाजत होते. रोज वाजत होते. तो बारीक, उंच आवाजच तिच्या कानापर्यंत पोचत नव्हता, खालचा तेवढा बद्दपणा पोचत होता. म्हणून जगातला प्रत्येक चांगला डबा तिला फुटका वाटत होता. कुकरही शिट्ट्या देत होता, घंटाही जुनीच होती.

"मावशी, राहू द्या," झाकणवाला म्हणाला. "जुन्या रीती. खायची काही गरज नाही."

"तू गप्प बस!" ती म्हणाली. "हरल्यावर खायचं. तुझ्या आधी चारजण उपाशी उठलेत या टेबलावरून." आणि हे म्हणता म्हणता तिला ते चौघे दिसले. त्यांचे डबे खरंच बद्द होते, तेव्हा कान शाबूत होते, एवढाच काय तो आधार.

तिने झाकण उघडलं. शेपट्या एका बाजूला, धडं एका बाजूला. वरचं तेल पिवळंधमक. पाव घेतला, तारली दाबली, घास घेतला.

तारली फार सुंदर झाली होती. घट्ट, गोडसर, काटे लोण्यासारखे. एकतीस वर्षांत हजारो खाल्ल्या असतील, पण दुसऱ्याची भाकरी पळवणारी ही पहिली. दिवसाला दोनशे. चार महिने. आयुष्यभर आवडीने खाल्ली तेवढी चांगली तारली तिने स्वतःच्या हाताने खतात घातली होती, आणि वर एका माणसाला शिव्या देऊन.

"साहेब, लिहून घ्या," ती तोंड भरलेलं असतानाच म्हणाली. "डबे चांगले. झाकणवाला चांगला. काडीवाली बाद." साहेब पेन घेऊन नुसता उभा राहिला, तशी ती खेकसली, "लिहा की! एरवी नको ते लिहीत बसता. एवढं लिहायला हात दुखतो?"

साहेबाने लिहिलं. झाकणवाल्याने खाली बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पन्नास माणसं, पुढ्यात बंद डबे, आणि टिचकीबाई खातेय. दुसऱ्या आणि तिसऱ्या डब्यात पाणी गेलं होतं, तेल पातळ झालं होतं, तरी तिने तळ पुसून घेतला. शेवटचा पाव तिला गिळवेना. पेलाभर पाणी पिऊन तिने तो उतरवला. मग हात पुसले आणि मान वळवली.

"तुला माहीत होतं," ती चिकटबाईला म्हणाली.

चिकटबाईने मान डोलावली.

"कधीपासून?"

चिकटबाईने तिच्या कानाशी तोंड नेलं. जन्मात आवाज न चढवलेली ती बाई एवढ्या मोठ्याने ओरडली, की टेबलाच्या टोकाच्या माणसांनीही वर बघितलं. "पावसाळ्यापासून!"

"वीस वर्षं शेजारी बसतेस. मला एका शब्दाने सांगता आलं नाही तुला?"

"सांगितलं गं," चिकटबाई ओरडली. तिचे डोळे भरून आले होते. "तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तू हसलीस आणि म्हणालीस, बरोबर आहे तुझं."