हालाची वाटी

सर्व भाविक, आप्तेष्ट आणि शेजारीपाजारी यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, यंदाच्या आषाढातल्या एका शुक्रवारी चामुंडी टेकडीच्या निम्म्या पायऱ्या चढून, देवीचं दर्शन न घेता, हातात एका परक्या बाईचा दुधाचा डबा घेऊन खाली पळत सुटलेला गृहस्थ मीच होतो. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून पळाला, असं आमच्या गल्लीत बोललं जातं. गुडघे दुखत होते हे खरं आहे. पण कारण ते नव्हतं, आणि खरं कारण सांगायचं तर आधी स्वतःची एक खोड कबूल करणं भाग आहे.

मला गाण्यांचा अर्थ लावायची खोड आहे. आमचे पूर्वज रंगारी. कापडं रंगवत रंगवत ते म्हैसुरात आले आणि इथलेच होऊन गेले. मी साड्यांच्या दुकानात बसतो, आणि रंग चढवतो तो फक्त बोलण्याला. कुठलंही गाणं कानावर पडलं की मी समोरच्याला विचारतो, यातली ‘ती’ कोण? तो म्हणाला प्रेयसी, की मी म्हणतो पाऊस. तो म्हणाला पाऊस, की मी म्हणतो सासू. कॉफी संपेपर्यंत मी गाणं उसवून पुन्हा शिवून दाखवतो. लोक हसतात, मी आणखी फुलतो. या फुलण्यापायीच नऊ वर्षांपूर्वी माझी थोरली बहीण, म्हणजे आमची ताई, मला दुरावली.

आमच्या घरात देवीचं एक जुनं गाणं आहे. आईनं ते ऐकून पाठ केलं, ताईनं आईचं ऐकून. लिहिलेलं कुठेच नाही. त्यात एक ओळ येते, ‘हाल माझे पाही, आई’. ही ओळ आली की आई देवीपुढची दुधाची वाटी दोन्ही हातांनी उचलून दाखवायची. आईमागे ताईही तसंच करू लागली. लहानपणी आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण आमची मराठी अर्धीअधिक कानडीत भिजलेली, आणि कानडीत दुधाला म्हणतात हालु. हाल माझे पाही, म्हणजे माझं दूध बघ, देवी. वाटी उचलायचीच. पुढे मोठं झाल्यावर, पुण्याकडच्या मराठीशी ओळख झाल्यावर, एक दिवस मला कळलं की या ओळीत दूध नाहीच. हाल म्हणजे हालअपेष्टा. कुणीतरी रडून सांगितलेलं दुःख आमच्याकडे येता येता वाटीभर दूध झालं होतं.

हे मी मनात ठेवायला हवं होतं. मी ते ताईच्या मुलीच्या साखरपुड्यात, पुण्याहून आलेल्या व्याह्यांसमोर, माइक हातात घेऊन सांगितलं. ताईनं नुकतंच गाणं म्हटलं होतं, वाटी तिच्या हातात होती. मी म्हणालो, “मंडळी, आमची ताई तीस वर्षं देवीला म्हणते, बाई, माझे हाल बघ. आणि देवी बघते तर काय, वाटीत साय धरलेली.” हॉल हसला. व्याही तर डोळे पुसत हसले. ताईनं वाटी खाली ठेवली. ठेवल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. ती वाटी आईची होती आणि मी हसलो ते आईला, हे मला घरी येऊन चपला काढताना सुचलं.

त्या दिवसापासून ताईनं गाणं सोडलं आणि माझ्याशी बोलणंही. मी तिच्या नजरबादच्या घरी चारदा गेलो. प्रत्येक वेळी माझ्याकडे एक उत्तम खुलासा तयार असायचा. माझा हेतू काय होता, शब्द कसे प्रवास करतात, चूकसुद्धा किती सुंदर असते, वगैरे. चारही वेळा बंद दाराआडून एकच वाक्य आलं, “अर्थ कळलाय मला. जा तू.” माझी बायको म्हणायची, “तुम्ही सुम्मने जाऊन उभे राहा ना एकदा. काही बोलू नका.” सुम्मने म्हणजे आमच्याकडे उगीच, सहज, निमूट, सगळंच. मला त्यातलं एकही जमत नव्हतं.

यंदा आषाढात बातमी आली की ताई म्हैसूरचं घर सोडून कायमची पुण्याला लेकीकडे चालली आहे. सोमवारी सकाळची गाडी. बायकोनं बातमी सांगितली. मी म्हटलं, शुक्रवारी टेकडीवर जातो, देवीलाच साकडं घालतो. खरं सांगायचं तर श्रद्धेपेक्षा पळवाट अधिक होती. नजरबादच्या दारापेक्षा हजार पायऱ्या मला सोप्या वाटल्या.

त्याच सुमारास एका कानडी सिनेमाचं गाणं गावभर गाजत होतं. ‘तायी, इन्नू मुनिसे?’ म्हणजे, आई, अजून रुसवा का? सिनेमात नायक हे गाणं आपल्या होणाऱ्या सासूला उद्देशून तिच्या गॅलरीखाली गातो. पण लोकांनी सासूला केव्हाच बाजूला सारलं. कॉफी प्यायला येणारे एक निवृत्त मास्तर म्हणाले, ही माया, आणि गाणारा जीव. माझी बायको म्हणाली, ही कावेरी, पाऊस लांबलाय म्हणून. आमच्या गल्लीत वीज गेली की पोरंटोरं विजेच्या खांबाकडे बघून हेच गातात. आषाढी शुक्रवारी, म्हणजे देवीच्या खास दिवशी, टेकडीवरच्या प्रसादाच्या रांगेतही हेच वाजतं, आणि तिथे तायी कोण हे विचारायची कुणाची छाती नाही. मी सगळ्यांचे अर्थ गोळा करत होतो. स्वतःचा तेवढा सांगत नव्हतो. आमच्या घरात ताई म्हणजे थोरली बहीण. गाणं सुरू झालं की मी रेडिओचा आवाज कमी करत असे.

तर त्या शुक्रवारी पायऱ्यांच्या वाटेतल्या मोठ्या दगडी नंदीच्या बऱ्याच अलीकडे माझे गुडघे संपले. मी कठड्याशी बसलो. खालून एक बाई येत होती. माझ्याच वयाची, सुती साडी, पायात धावण्याचे बूट. प्रत्येक पायरीला वाकून हळदीकुंकू लावायचं, एका हातात कडीचा स्टीलचा डबा, आणि कमरेला खोचलेल्या फोनवर तेच गाणं. माझ्या पायरीपाशी ती थांबली, कारण मी पायरी अडवून बसलो होतो.

मी सरकलो आणि खोडीप्रमाणे कानडीत विचारलं, “यातली तायी कोण हो?”

“परीक्षा घेताय का?” ती म्हणाली.

“नाही, सहज.”

“मला काय ठाऊक. गाणं लावलं की पाठ कमी दुखते, म्हणून लावते.” तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. “तुम्हाला काय झालंय?”

का कोण जाणे, मी सांगून टाकलं, “नम्म ताईगे नन्न मेले मुनिसु.” आमची ताई माझ्यावर रुसली आहे. मी म्हटलं ताई. तिच्या कानडी कानाला ऐकू आलं तायी, म्हणजे आई.

ती सरळ उभी राहिली. “किती दिवस झाले?”

“नऊ वर्षं.”

“आणि राहते कुठे?”

“नजरबादला.”

तिनं कुंकवाच्या बोटानं खालचं गाव दाखवलं. “तायी तिथे रुसून बसली आहे आणि तुम्ही इकडे वर कुणाला शोधताय? ही वरची कुठे जाणार आहे? ही इथेच असते. त्या खालचीचं काय सांगता येतं, आज आहे, उद्या निघून जाईल.”

सोमवारच्या गाडीबद्दल मी तिला अवाक्षर बोललो नव्हतो.

मग तिनं तो डबा माझ्या हातात दिला. “हालु आहे. देवीसाठी आणलं होतं. तायीला द्या. मी समजेन पोचलं.”

माझ्या जिभेवर दुरुस्ती तयार होती. बाई, तायी नव्हे, ताई. आमच्या मराठीत ताई म्हणजे बहीण. एका वाक्याचं काम होतं, आणि असलं वाक्य मी आयुष्यात कधी गिळलं नव्हतं. त्या दिवशी ते गिळलं. तिच्या अर्थात मी मावत होतो, तर मावू दिलं. डबा घेऊन उतरायला लागलो. गुडघे दुखतच होते.

त्यानंतर पाच शुक्रवार मी तो डबा घासूनपुसून त्या पायरीपर्यंत नेला. बाई भेटली नाही. म्हैसूर मोठं आहे, तिची वेळ वेगळी असेल. मी याहून जास्त काही म्हणत नाही. अर्थ लावायचा मोह होतो, पण या एका गोष्टीचा अर्थ लावायचा नाही असं ठरवलं आहे. मला एवढंच उमगलं की आजवर देवीपुढे मी बोलत आलो होतो, आणि हात जोडले तरी तोंड माझंच चालू असे. माझं शहाणपण ज्या पायरीवर खाली ठेवलं, तिथून पुढचं मला कुणीतरी हाताला धरून नेल्यासारखं झालं. त्या बाईचे, आणि जिनं तिला नेमकं त्या पायरीवर थांबवलं तिचे, उपकार मी मानतो. वरचं दर्शन मी नंतरच्या शुक्रवारी घेतलं. देवी काही रागावलेली दिसली नाही.

ताई सोमवारी पुण्याला गेलीच. पण रविवारी संध्याकाळी तिच्या बांधाबांधीत, सामानाच्या खोक्यांमध्ये बसून तिनं नऊ वर्षांनी ते गाणं म्हटलं. ओळ आली तेव्हा वाटी उचलायला तिचे हात जरा थांबले, म्हणून मी माझे पुढे केले. आम्ही दोघांनी मिळून उचलली. दुधाचं म्हणावं की दुःखाचं, मी विचारलं नाही.

आता राहिलं दारातलं. शुक्रवारी टेकडीवरून थेट नजरबादला गेलो, बेल वाजवली आणि सुम्मने उभा राहिलो. खुलासा एकही जवळ नव्हता. बऱ्याच वेळानं दार चार बोटं उघडलं. ताईनं माझे धुळीचे पाय पाहिले, डबा पाहिला.

“काय आणलंस?” तिनं विचारलं.

दूध म्हणायचं होतं. पण उतरताना त्या बाईचा शब्द वाटभर घोळत आला होता, तोच, शेवटचा उकार वाटेत सांडून, बाहेर पडला. मी म्हणालो, “हाल.”

ताईच्या नाकपुड्या थरथरल्या, हसू दाबताना आईच्या थरथरायच्या तशाच, आणि दार पूर्ण उघडत ती म्हणाली, “मग उन्हात काय उभा राहिलायस? आत ये, नासतील.”