शेवंताबाईचे हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढेही तोंड उघडलं नाही — त्याला काय सांगायचं, त्याला ठाऊकच असणार. तुम्ही परके, म्हणून सांगते. आता थकले बाई मी हे सांभाळून.

सत्तर सालानंतरची गोष्ट. माझं माहेर करडीचं, दिलं सानगडीकडच्या एका खेड्यात. घरात सासू, दोघे भाऊ आणि आम्ही दोघी जावा. थोरली शेवंताबाई. तिला मूलबाळ नव्हतं. पण धानाच्या रोवण्याला तिच्यासारखा हात गावात नव्हता. बायकांची रांग बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरली की ती टोकाला, आणि बाकीच्यांनी तिच्याकडे पाहून हात चालवायचा. चिखलात रोप कसं खोचायचं ते मला तिनंच शिकवलं.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा आईला माझ्या पाठीवर फिकट चट्टा दिसला. हात लावला तर मला कळत नव्हतं. महारोग तपासणारा माणूस सायकलनं यायचा. त्यानं टाचणी टोचून पाहिली, गोळ्या दिल्या, म्हणाला, घाबरू नका, बरा होतो. बरा होतो हो — पण तोवर? लेक माझी महिन्याची. सासरी कळलं असतं तर लेक ठेवून घेतली असती आणि मला करडीला धाडलं असतं. दुसऱ्या एकीला असंच धाडलेलं मी पाहिलं होतं.

गोळ्यांची पुडी मी शेवंताबाईच्या कुंकवाच्या पेटीत, आरशाखाली लपवायची. काहून? सासू माझी पेटी उचकायची, थोरलीच्या वस्तूला हात लावायची नाही. एवढीच अक्कल चालवली मी. हेतू वाईट नव्हता — जाऊ द्या, हेतूचं काय लोणचं घालायचंय! अक्षय तृतीयेला घरातलं कुंकू संपलं आणि सासूनं ती पेटी उघडली.

तसली पुडी तेव्हा गावात कुणीही ओळखायचं. "ह्या कायच्या गोळ्या वं?" सासूनं विचारलं. शेवंताबाई नुसती पाहत राहिली. तिला खरंच माहीत नव्हतं. पण गप्प राहिली म्हणजे कबूल, असं ठरलं. मी बाजूलाच लेकीला पाजत बसले होते. मान वर केली नाही.

तुम्ही म्हणाल, तिला तपासायला का नेलं नाही? नेलं तर गावभर होईल म्हणून! आणि गावभर तर आठ दिवसांत झालंच. घरात तिचं ताट वेगळं झालं. रोवण्याला बायका तिला रांगेत घेईनात, कोपऱ्यातल्या बांधीत एकटीनं लावायची. मग तिची झोप गेली. जेवण गेलं. केस मुठीमुठीनं गळले. रोपं धरताना हात थरथरू लागले, आणि बांधावरून बायका म्हणायच्या, "पाहा वं, बोटं गेले तिचे." धडधाकट बाई, काही न होता झडत गेली. खरा रोग माझ्या पाठीवर पोलक्याखाली होता, आणि तो माहेरच्या गोळ्यांनी बरा होत होता. मलाही तेव्हापासून अन्न पचत नाही, छातीत जळजळतं. पण ते कुठं आणि हे कुठं.

इथवरचं कदाचित कधीतरी कुणाला सांगताही आलं असतं. पुडी लपवली, भ्याले, गप्प राहिले — माणूस भितं. पण एवढंच नाही ना.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शेवंताबाई परसात बसली होती. हातांवर बारीक बारीक जखमा. बाभळीचा काटा घेऊन स्वतःलाच टोचायची — कळतं की नाही ते पाहायला. त्या जखमा पाहून तर लोकांची खात्रीच पटली होती. मला म्हणाली, "इंदू, मले माह्याच हातावर भरोसा नाही राहिला. मी डोळे मिटून घेतो, तू टोच. कुठी टोचलं ते मी सांगीन."

तिनं डोळे मिटले. मी टोचलं. मनगट म्हणाली — बरोबर. कोपर — बरोबर. करंगळी, तळहात — सगळं बरोबर, काटा लागल्याबरोबर सांगायची. तिला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. आणि हे तिला सांगू शकणारी जगात मी एकटी होते. सांगितलं असतं तर तिला धीर आला असता, म्हणाली असती, चला तपासायला. मग गोळ्या कुणाच्या, हे कुणीतरी विचारलंच असतं.

मी म्हटलं, "नाही बाई. करंगळी नाही, अंगठ्याले टोचलं होतं. अन् तळहाताले तर मी टोचलंच नाही."

दुसऱ्या दिवशी ती आपणहून नाकाडोंगरीला माहेरी गेली. परत आली नाही. दोन वर्षांनी तिकडेच वारली. लोक म्हणाले, रोगानं खाल्लं. मी कधी नाही म्हटलं नाही. माझ्या पाठीवर आता डागसुद्धा नाही.

पण त्या दिवशी परसात तिनं डोळे उघडले तेव्हा ती रडली नाही, रागावली नाही. माझ्या हातातून काटा काढून घेतला, हळूच, मला बोट लागू न देता, आणि म्हणाली, "बरं झालं इंदू, तू तरी खरं सांगतलं."

मी हो म्हटलं.