मुहूर्ताच्या कापसाची गादी

१६ ऑक्टोबर, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. आईने तीन वेळा फुंकले : २३०, २२५, २३०. वहीत मी २३० लिहिले आणि त्याखाली रेघ ओढली, कारण ज्या सेलूतून आम्ही तिला हवापालटासाठी इथे डोंगरावर आणले होते, तिथला आकडासुद्धा याहून बरा होता.

फुंकायचे ते साधन म्हणजे प्लास्टिकची एक नळी. फुप्फुसांतून हवा किती जोराने बाहेर पडते, ते तिच्यावरचा काटा सरकून दाखवतो. आई तिला पुंगी म्हणते. "झाली का तुझी पुंगी?" असे विचारून ती रोजच्यासारखी चहा ठेवायला उठली, पण त्या दिवशी तिला मध्येच थांबून भिंतीचा आधार घ्यावा लागला. हात काढला तेव्हा तळवा काळपट हिरवा झाला होता. तिने तो पदराला नव्हे, माझ्या नजरेआड जुन्या फडक्याला पुसला. पंधरा दिवसांपूर्वी पांढरीशुभ्र दिसलेली ती भिंत होती.

सेलूतले आमचे घर जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याच्या आमच्या कारखान्याच्या आवारातच आहे. दसऱ्याला कापसाचा मुहूर्त झाला की थेट उन्हाळा लागेपर्यंत हवेत बारीक तंतू तरंगत असतात. खिडकीच्या जाळ्यांवर, देवघरातल्या समईवर, ताकाच्या पातेल्यावर बसतात. आईचा दमा त्या तंतूंवर वाढला. हंगामापुरते तिला तिथून हलवा, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले तेव्हा मी परभणीत दोन खोल्या भाड्याने घेण्याचे सुचवले. अप्पा, म्हणजे माझे वडील, संतापले.

"भाड्यानं राहायला आमी काय बदलीवरचे मास्तर हावोत का? घेयाचं तर डोंगरावर घेऊ. हवा बी मिळंल आन् चार लोकात नाव बी."

त्या वाक्यातील दुसऱ्या भागाकडे मी दुर्लक्ष केले. ही माझी पहिली चूक.

घर पाहायला आम्ही मे महिन्यात गेलो, कारण जिनिंगवाल्याला सवड मिळते ती मेमध्येच. सह्याद्रीतले ते थंड हवेचे गाव तेव्हा कोरडे, निळे आणि खरोखरच सुंदर होते. दलाल अप्पांना 'अंकल' म्हणत होता आणि प्रत्येक खिडकीपाशी थांबून दरीकडे हात करत होता. मी प्रयोगशाळेतून मागून आणलेल्या यंत्राने प्रत्येक खोलीतले धूलिकण मोजले. ते सेलूच्या तुलनेत नगण्य होते. आईने तिथल्या ओसरीत ३१० फुंकले. मी अप्पांना म्हणाले, "घ्या."

सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलेल्या मुलीने चार महिने सलग पावसात उभे राहणारे घर मे महिन्यात तपासावे आणि समाधानी व्हावे, याचे समर्थन मला आजही करता येत नाही. खरे कारण मला माहीत आहे. जानेवारीत बंगळुरूला संशोधनासाठी रुजू व्हायचे होते आणि त्याआधी आईचा प्रश्न सुटलेला हवा होता. हवे असलेले उत्तर मिळाल्यावर मी मोजणे थांबवले. मला इतरांविषयी जी किळस वाटते, तिच्यात माझाही वाटा आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

आमच्या घराण्यात एक रीत आहे. मुलगी सासरी जाताना किंवा नवे घर घेतल्यावर उंबरठ्याच्या आत पहिली वस्तू जाते ती गादी. आमच्याच जिनिंगच्या रुईची, घरी पिंजाऱ्याला बसवून भरलेली. आणि तिच्या पोटात मुहूर्ताच्या दिवशीच्या कापसाची एक मूठ. बाहेरची गादी आणणे म्हणजे आमच्याकडे उपाशी राहण्याइतके लाजिरवाणे. त्याप्रमाणे जूनच्या पहिल्या आठवड्यात सहा गाद्या टेम्पोने डोंगरावर गेल्या. घर रिकामे ठेवायचे नसते, म्हणून अप्पांनी त्या पलंगांवर अंथरवल्या, गाद्यांवर कोऱ्या चादरी घातल्या आणि कुलूप लावले. सेलूत बंद खोलीतली गादी वर्षानुवर्षे जशीच्या तशी राहते. आम्हाला दुसरे काही ठाऊकच नव्हते.

ऑक्टोबरच्या आरंभी मी आईला घेऊन आले तेव्हा कुलूप उघडताच आतून जो वास आला, तो मी कधी विसरणार नाही. भिजलेले पुठ्ठे, शिळे पीठ आणि मोगऱ्याचा कृत्रिम सुगंध यांचे ते मिश्रण होते. मोगरा दलालाने फवारलेला. कपाटामागे बुरशीची वर्तुळे नकाशासारखी पसरली होती. मी ती ब्लीचिंगच्या पाण्याने धुतली. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा उगवली. मग मी अप्पांच्या जिनिंगमधून बरोबर आणलेले ओलाव्याचे मीटर काढले. दोन लांब सुया असलेले हे साधन कापसाच्या ढिगात खुपसतात. मी ते गिलाव्याच्या भेगांत खुपसले आणि भिंतींची क्रमवारी लावली. कापसासाठी बनवलेल्या मीटरचे भिंतीवरचे आकडे खरे नसतात, पण अधिक-उणे कळते. सर्वांत ओली भिंत उत्तरेची. आईचा पलंग मी दक्षिणेला सरकवला. आकडा २५५ वरून २५० वर आला. पलंग खोलीच्या मधोमध आणला : २४५. खिडक्या दिवसभर उघड्या ठेवल्या : २४०. मी एकेक घटक बदलत होते आणि प्रत्येक बदलाबरोबर आईचा श्वास कमी होत होता.

बाहेर शरद ऋतू होता. त्याचे वर्णन करण्यासारखे पुष्कळ होते हे मी नाकारत नाही : धुतलेले आकाश, उतारावर सोनकीची पिवळी फुले, दुपारचे मऊ ऊन. पण फुलांत लोक लोळून फोटो काढत आणि उठताना मक्याची कणसे तिथेच टाकत. धुके विरले की ज्या दरीसाठी आम्ही घर घेतले, तिच्या तोंडाशी प्लास्टिकच्या ताटल्यांचा थर आणि वरच्या हॉटेलांच्या सांडपाण्याची काळी धार दिसे. माकडे कुरकुऱ्यांची पाकिटे चाटत बसलेली असत.

आणि पाहुणे. दसऱ्यापासून ते येऊ लागले. डोंगरावर घर घेणारे सेलूच्या पेठेत आम्हीच पहिले, त्यामुळे ते पाहायला चुलते, आत्या, अप्पांचे व्यापारी मित्र, त्यांची मुले असे सगळे गाड्या भरून आले. १६ तारखेला दुपारी अप्पा स्वतः अकरा जणांना घेऊन पोचले. जिला श्वास घ्यायला इथे पाठवले होते, ती बाई अकरा जणांच्या भाकऱ्या थापायला उभी राहिली. मी परात ओढून घेतली, तर तिने माझ्या हातावर चापट मारली.

"सोड. लोक काय म्हणतील, पोरीला कामाला लावलं म्हणून."

"लोक जेवायला आलेत, आई. ते काही म्हणणार नाहीत."

चुलते जेवता जेवता ओरडले, "वैनी, हितल्या हवेत भूक लय लागायलीय बघा! अजून दोन टाका."

"टाकते की, भाऊजी," आई म्हणाली, आणि त्या तीन शब्दांच्या मध्ये तिने दोनदा श्वास घेतला. तो फक्त मी मोजला. अप्पांचे एक मित्र गॅलरीत उभे राहून गुटख्याची पिचकारी दरीत मारत होते आणि शुद्ध हवेचे कौतुक करत होते.

भांडी घासायला येणाऱ्या तिथल्या मावशी मात्र आईकडे पाहत होत्या. बिछाने आवरायला त्या आतल्या खोलीत गेल्या आणि मला हाक मारली.

"ताई, ह्या गाद्या पावसाळाभर इथंच होत्या व्हय?"

"हो. जूनपासून."

"अगं बया! आमी वाकळासुदिक चुलीच्या वर माळ्याला टांगतो चार महिनं. धूर लागला तरच टिकतंय. कापूस तर पाणीच पितोय की."

मी खोलीच्या मधोमध उभी राहिले. भिंती, खिडक्या, दिशा, वारा हे सगळे मी तपासले होते. ज्यावर आई रात्रीचे आठ तास तोंड टेकून झोपत होती, ते तपासले नव्हते, कारण ते आमच्या घरचे होते. चादर ओढली. खोळीचे पट्टे स्वच्छ होते. शिवण उसवली, आतली रुई राखाडी, गोळ्यागोळ्यांची झालेली. वास आला तो भिंतींचा म्हणून जो मी पंधरा दिवस सहन केला होता, तोच. मी मीटरच्या सुया आत खुपसल्या. बावीस टक्के.

मीटर तसेच खुपसलेले ठेवून मी अप्पांना बोलावले. मागोमाग मित्रही आले, खरकटे हात पुसत, हसत. अप्पांच्या धंद्यात आठ हा चांगला आकडा. बाराच्या वर गेला की ते शेतकऱ्याची गाडी दारातून परत पाठवतात, मग तो कितीही विनवो.

"मीटर बिघडलं आसंल," अप्पा म्हणाले.

"मग हाताने बघा."

ते मीटरवर कधीच पूर्ण विसंबत नाहीत. ढिगात हात घालून सांगतात आणि एखादा अंशच चुकतात. त्यांनी बाही सारली आणि उसवलेल्या शिवणीतून मनगटापर्यंत हात आत घातला. अप्पांनी मूठ बाहेर काढली, दाबली, नाकाशी नेली आणि तोंड फिरवले. गादी भरताना मुहूर्ताची मूठ त्यांनीच घातली होती.

"वीस-बावीस हाय," ते हळूच म्हणाले. मग आईकडे वळून, "तू बोलली का न्हाईस? वास येत व्हता ना?"

आई दाराशी, पिठाचे हात घेऊन उभी होती. "तुमच्या रुईला वास येतोय म्हणून कसं म्हणावं?" ती म्हणाली. "आन् तेबी ह्या सगळ्या लोकांत."

कोणीतरी म्हणाले, उन्हात टाकू, दोन दिवसांत कोरडी होईल. गाडी दारातून परत पाठवताना अप्पा ज्या स्वरात बोलतात, त्याच स्वरात म्हणाले, "उचला सामान. आजच निघायचं."

पाहुण्यांनी मात्र आधी ताटे संपवली. हे मी कडवटपणाने लिहिते, कारण तसे घडले. आई गाडीत बसली तेव्हा आत चुलते विचारत होते की ते दोन दिवस राहिले तर चालेल का, एवढ्या लांब आलोच आहोत तर.

परतीचे दहा तास आई पुढच्या सीटवर ताठ बसून होती. टेकले की दम लागत होता. अप्पा एकदाच बोलले, जालन्याच्या पुढे. "परभणीत खोल्या बघ," इतकेच. भाड्याचा शब्द त्यांनी टाळला आणि मीही तो उच्चारला नाही.

आता आम्ही परभणीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. मीटरने मी आधी भिंती तपासल्या, मग पंखे, मग पडदे. पलंगावर दुकानातून आणलेली फोमची गादी आहे. अप्पा रविवारी सेलूहून येतात, तिच्या कडेवर बसतात आणि पाच मिनिटांत खुर्चीवर जातात. डोंगरावरचे घर अजून विकले गेलेले नाही. चुलते तिथे दिवाळी करून आले आणि हवा फारच छान होती असे त्यांनी कळवले. बंगळुरूला मी दोन महिने उशिरा येईन असे लिहिले आहे. उत्तर आलेले नाही.

डॉक्टर म्हणतात, बुरशीने जे नेले त्यातले काही परत येईल, सगळे येईलच असे नाही. आईला मी हे सांगितलेले नाही. तिने न विचारता ते ओळखले असावे, कारण हल्ली ती फुंकून झाल्यावर नळी माझ्याकडे देण्याआधी स्वतः काटा पाहते.

आज सकाळी, सहा वाजून पस्तीस मिनिटांनी, तिसऱ्या फुंकेला : २६५.