गुलाबदादाचं नाक अन् अमेरिकेची बाटली

किस्से हे दोडक्यासारखे असतात. रोज तोडले तरी एखादा पानाआड राहतोच, अन् दुसऱ्या दिवशी सापडतो तेव्हा दुप्पट झालेला असतो! आमच्या चौघांचे तर इतके साठले आहेत, की कुठला तोडू अन् कुठला ठेवू असं होतं.

चौघं म्हणजे मी, किसन, गुलाबदादा अन् रशीदभाई. रशीदभाई सुतार, बाकी आम्ही भाजीवाले. मालेगावच्या बाजारातून परतलो की दुपारी गुलाबदादाच्या मळ्यात, त्याच्या घरापुढच्या लिंबाखाली बसायचं, हा नियम. आज त्याच्या नाकाचेच सांगतो.

*

शेलूबाजारला एका व्यापाऱ्यानं कालची मेथी पाणी मारून आजची म्हणून मांडली होती. दिसायला हिरवीगार. गुलाबदादा रस्त्याच्या अलीकडे जीपमधून उतरत होता. तिथूनच ओरडला, "भाऊ, ते मेथी आत्ता झोपून उठली! तोंड तेवढं धुतलं तिनं!"

आजूबाजूचे सगळे हसले. व्यापारीही हसला, अन् हळूच जुड्या मागे सरकवल्या.

*

हेच नाक घरी मात्र सुमनवहिनींच्या जिवावर उठायचं. गुलाबदादा पार वांग्याच्या वाफ्यात वाकलेला असला, तरी तिथून हाक यायची, "लसूण जळून राह्यला!"

वहिनी चुलीपाशी बसून ओरडायच्या, "तुमी वांगे पाहा ना! माह्या कढईत नाक काहून घालता?"

लग्नापासून हेच भांडण. आम्हाला तर ते ऐकल्याशिवाय चहा गोड लागत नसे.

*

गेल्या हिवाळ्यात गुलाबदादाला ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल. नाही तर नाहीही येणार. गुलाबदादा म्हणाला, "बरं झालं! आता गोठ्यातही झोप लागन." आम्ही हसलो.

मग एक दिवस वहिनींनी मला विहिरीजवळ थांबवलं.

"भाऊजी, काल म्या मुद्दाम भाजी जाळली."

"मंग?"

"खाल्ली. म्हणे, बरी झाली." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "घरात भांडाले माणूस नाही राह्यला, भाऊजी."



*

अशात माझा भाचा नितीन अमेरिकेतून आला, अन् आमच्या बैठकीत एक बाटली घेऊन आला. "मामा, ही सिंगल माल्ट. कास्क स्ट्रेंथ! नुसत्या जवाची केलेली, लाकडाच्या पिंपात मुरवलेली. पिंपातून निघाली तशीच भरली, वरून पाणी टाकलेलं नाही."

किसन म्हणाला, "एवढ्या दुरून आणली, अन् पाणी टाकाचं काम आपल्यावरच ठेवलं!"

नितीन म्हणाला, नुसती प्यायची नसते, तपासायची असते. आधी रंग, मग वास, मग चव, मग गिळल्यावर मागे काय राहतं ते. तपासायचं म्हटल्यावर आम्ही सरसावून बसलो. मेथी असो की बैल, तपासणीत आम्ही कोणाला ऐकत नाही!

*

पहिला नंबर किसनचा. मोहाची दारू पारखलेला माणूस! त्यानं चहाच्या चुलीतल्या निखाऱ्यावर थोडी शिंपडली. भक्‌कन जाळ झाला.

"पास!"

"काका, आग नाही लावत, वास घेतात!"

"पयले खरी हाय का ते तं पाहू दे!"

रशीदभाई पीत नाहीत, पण मत द्यायला कधी मागे राहत नाहीत. त्यांनी ग्लास नाकाजवळ नेला, डोळे मिटले अन् सांगितलं, "सागवान."

"नाही चाचा, ओकचं पिंप असतं."

"तिकडं सागवान भेटत नसन बिचाऱ्याहीले!"

मी एवढुसा घोट घेतला. आधी जीभ भाजली. थांबलो. मग हळूहळू गोड लागायला लागलं. म्हटलं, "गूळ. काहिलीच्या बुडाले लागलेला." नितीननं माझ्या पाठीवर थापच मारली.

*

"आता थोडे थेंब पाणी," नितीन म्हणाला. "त्यानं वास मोकळा होतो."

पण कोणाच्या विहिरीचं? झालं, बाटली राहिली बाजूला! किसन म्हणे, "माह्या पाण्यात डाळ लोण्यावानी शिजते." मी म्हटलं, "तुह्या पाण्यात साबणाले फेस येत नाही, तू बस!" शेवटी ठरलं, मळा ज्याचा, पाणी त्याचं. वहिनींनी ओट्यावरचा लोटा दिला अन् किसननं तो विहिरीवर भरून आणला.

थेंब पडले तशी दारू जराशी धुरकटली. नितीन खूश. "पाहा, अस्सल माल असाच ढगाळतो!" मग घोट घेऊन म्हणाला, "अन् आता कशी क्रीमी झाली!"

आम्ही माना डोलावल्या. मी तर जोरात डोलावली.

*

गुलाबदादा इतका वेळ खाली मान घालून आमच्यासाठी काकड्या चिरत होता. नितीननं ग्लास पुढे केला.

"मले कायले देतं, बापू? मले हे अन् पाणी सारखंच."

"पाहा तर खरं, दादा. ही लय तेज असते."

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. गुलाबदादानं ग्लास नाकाशी धरला. आमच्या तोंडातली काकडी तोंडातच राहिली. त्यानं पुन्हा एकदा श्वास ओढला, अन् ग्लास खाली ठेवला.

"नाही."

रशीदभाई उगाच चपला शोधायला लागले. गुलाबदादानं पाणी प्यायला लोटा उचलला, तोंडाशी नेला, अन् तिथंच थांबला. लोट्यात नाक घातलं. बाहेर काढलं. पुन्हा घातलं.

"अवं," त्यानं दाराकडे पाहिलं, "या लोट्यात सकायी ताक होतं काय?"

नितीननं आपल्या ग्लासात डोकावून पाहिलं.

वहिनी आत गेल्या. आधी लसूण ठेचल्याचा आवाज आला, मग तेल चरचरलं. आम्ही बसून होतो. बऱ्याच वेळानं गुलाबदादानं मान वळवली.

"अवं, लसूण जळून राह्यला!"

"जळू द्या!" आतून वहिनी ओरडल्या.